फेगडे सर आणि दोन मात्रा

फेगडे सरांना निरोप द्यायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. "सर, पाटील येऊन गेले," असं म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोणते पाटील?" आता फैजपूर आणि आजूबाजूच्या गावांतून पाटील आणि चौधरी वजा केले तर उरतं कोण? सांगणारा बिचारा "ते हो, ते उंचेले" अशी सुरुवात करी. मग गाव, मग गल्ली, मग वडिलांचं नाव. सगळं निघाल्यावर सर चष्मा खाली घेत. "हां, आता कळलं. नाहीतर मी उगाच दुसऱ्याच पाटलांकडे जाऊन बसलो असतो." चहा घेता का विचारलं तरी "कोणता? बिनदुधाचा असेल तर घेतो." आमच्या केळी संघातल्या लोकांनी त्यांचं नावच 'कोणते सर' पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

हे सगळं ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचं. प्रल्हाद फेगडे कॉलेजात गणित शिकवत आणि दुपारनंतर आमच्या केळी उत्पादकांच्या संघात येत. संघानं नुकताच एक कॉम्प्युटर घेतला होता. पत्र्याच्या छपराची एक खोली त्याच्यासाठी रिकामी केली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, कूलर बसवला. जळगाव जिल्ह्यातला मे महिना काय चीज आहे हे तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. बाहेर सभासद घाम पुसत बसलेले आणि आत यंत्र गारव्यात. एका म्हाताऱ्यानं दारातून डोकावून मला विचारलं होतं, "साहेब, याले ताप येतो काय?"

मी संघाचा शेतकी सल्लागार. देसले. गाव सोनगीर, शिक्षण धुळ्याच्या शेतकी कॉलेजात. केळी मी पुस्तकात पाहिली होती आणि केळीवाले मला चुलत घरातला माणूस समजत. मी घाईत "हाई काय शे?" असं अहिराणीत बोललो की सर हसत आणि म्हणत, "देसले, यंत्राला तुमची भाषा नंतर शिकवू. आधी मला शिकवा."

भाषा शिकवणं हा त्यांचा खरा उद्योग होता. शेतकऱ्याच्या शेताची माहिती घालायची आणि यंत्रानं दर पंधरा दिवसांनी खतापाण्याची चिठ्ठी छापून द्यायची, एवढं संघाला हवं होतं. दुसऱ्या कुणी सरळ एक प्रोग्रॅम लिहून दिला असता. सरांनी म्हटलं, दर वर्षी जमीन बदलते, वाण बदलतो, प्रत्येक वेळी मला कुठं शोधत बसाल? शेताचा हिशोब ज्याला कळतो त्यालाच तो यंत्राला सांगता आला पाहिजे. म्हणून त्यांनी एक छोटी भाषाच रचायला घेतली. तिचं नाव 'वाफा'. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत, पण शब्द सगळे आपले. 'घे केळी' लिहिलं की केळीचं पुस्तक उघडायचं. पुस्तक म्हणजे त्या पिकाची सगळी गणितं एकत्र बांधलेली फाइल. एकेका गणिताला सर 'कृती' म्हणत. 'पाणी' लिहिलं की किती पाणी द्यायचं ते निघायचं, 'मात्रा' लिहिलं की किती खत. केळीचं पुस्तक त्यांनी जुन्याजाणत्या केळीवाल्यांना विचारून लिहिलं, कपाशीचं मी.

मी लिहिलेलं पुस्तक त्यांनी तीन वेळा परत केलं. पेन्सिलीनं समासात बारीक अक्षरात एकच प्रश्न असायचा, कुठला दिवस धरायचा, कुठलं वजन धरायचं. मला वैताग येई. पण चौथ्या वेळी ते पुस्तक चाललं आणि सोनगीरच्या आमच्या कोरडवाहू शेताची चिठ्ठी खर्रखर्र करत छापून बाहेर आली, तेव्हा मला जो आनंद झाला तो पहिल्या पगाराला झाला नव्हता. सरांनी कागदाच्या कडेची भोकांची पट्टी फाडली, बोटाला गुंडाळली आणि म्हणाले, "आता तुम्ही वाफेकरी झालात."

भांडण झालं ते पुढं, आणि ते एका नावावरून. जमिनीत ओलावा किती ते मोजायची कृती फक्त माझ्या कपाशीच्या पुस्तकात होती. भारी काळ्या जमिनीतल्या केळीला ती लागायची. म्हणजे तशा शेतासाठी 'घे केळी' आणि 'घे कपाशी' अशी दोन्ही पुस्तकं उघडावी लागत. आणि 'मात्रा' दोन्ही पुस्तकांत होती. एक त्यांची, एक माझी. नुसतं 'मात्रा' लिहिलं तर यंत्रानं कुठली घ्यायची?

सरांचं उत्तर तयार होतं. कुठलीच नाही. वाफा तिथं थांबायची आणि पडद्यावर ओळ यायची की मात्रा दोन आहेत, केळीची आणि कपाशीची, कुठली हवी ते लिहा. आपण 'केळीची मात्रा' असं पूर्ण लिहिलं की गाडी पुढं जायची. गावात नाही का, नुसतं मधुकर म्हणून चालत नाही, मळ्यातला मधुकर म्हणावं लागतं.

या बाबतीत सर इतके हट्टी का, हे मला एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांच्या गावात प्रल्हाद फेगडे दोन. एम.एस्सी. झाल्यावर सरांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत अर्ज केला होता. तिथून बोलावणं आलं. नेमका तेव्हा गावचा पोस्टमन रजेवर आणि त्याच्या जागी बदली माणूस. त्यानं पाकीट दुसऱ्या प्रल्हादाच्या हातात दिलं. तो प्रामाणिक. आपलं नाही हे त्याला कळलं, म्हणून त्यानं ते कोनाड्यात नीट ठेवलं आणि पोस्टमन पुन्हा आला की परत देऊ म्हणून वाट पाहत बसला. जुना पोस्टमन रजेवरून आला तोवर मुलाखतीची तारीख होऊन गेली होती. "पण बदली पोस्टमनचा राग नाही मला," सर म्हणाले. "त्यानं चूक मुद्दाम केली नाही. त्यानं विचारलं नाही, एवढंच." हे सांगताना ते हसत होते. मला काही हसू आलं नाही.

संघाचे चेअरमन आबा. पांढरी टोपी, आवाज असा की कूलर चालू असतानाही बाहेर ऐकू जाई. चिठ्ठ्यांचा पहिला जाहीर दिवस त्यांनी मोठ्या थाटात ठरवला. जळगावहून पाहुणे बोलावले, यंत्राला हार घातला, पेढे वाटले. पहिल्या दोन चिठ्ठ्या झकास निघाल्या. तिसरं शेत काळ्या जमिनीचं निघालं आणि मी घाईत नुसतं 'मात्रा' लिहिलेलं. वाफा थांबली. प्रश्न आला. मी दुरुस्त करून पुढं गेलो तर आणखी एका शेताला तेच. पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. आबांचा चेहरा लाल.

पाहुणे गेल्यावर आबा खोलीत आले. "सर, हे यंत्र आमालेच इचारते! आमाले माहीत असतं तर याले कशाले आनलं असतं?"

"आबा, त्याला जे माहीत नाही तेवढंच ते विचारतं," सर म्हणाले.

"नही नही. लोकं हासले आज. मशीननं सांगाचं, लोकायनं आयकाचं. थांबाचं नही. पुढच्या खेपीले थांबलं तर मी हे बंद करतो, सांगून ठेवतो."

आबा गेले. सर भोकांची पट्टी बोटाला गुंडाळत बसले. आणि मग मी, शहाणा, बोललो. "सर, एक करा. दोन पुस्तकांत एकच नाव आलं तर जे पुस्तक शेवटी घेतलं त्याचं धरायचं. थांबायचा प्रश्नच नाही. पुष्कळ भाषांत तसंच असतं म्हणतात."

"आणि लिहिणाऱ्यानं पुस्तकं उलटी लावली तर?"

"लिहिणारा मीच आहे ना! आधी कपाशी, मग केळी. पाठच आहे."

सरांनी बोटावरची पट्टी सोडली. "देसले, थांबलेलं यंत्र दिसतं. चुकलेलं दिसत नाही," ते म्हणाले. पण आबांनी यंत्र बंद केलं असतं तर वाफाच राहिली नसती. वाफा हे त्यांचं सगळं होतं. दोन दिवसांनी त्यांनी नियम बदलून दिला. त्या दिवशी डब्यातलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी त्यांनी मला देऊन टाकली. भरीत देऊन टाकणारा खान्देशी माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. आबा खूश. मी आधी कपाशी, मग केळी असं बिनचूक लिहीत होतो. एके सकाळी एदलाबादकडचे सुपडूभाऊ आले. त्या तालुक्याला पुढं मुक्ताईनगर म्हणायला लागले, पण जुनी माणसं एदलाबादच म्हणत. सुपडूभाऊ मितभाषी, खांद्यावर उपरणं, काळ्याभोर जमिनीतली केळी. आबांचे दूरचे सोयरे, म्हणून आबा स्वतः त्यांना घेऊन खोलीत आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. सर कॉलेजात परीक्षेच्या कामात होते.

मी 'घे कपाशी' लिहिलं. आबांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय? कपाशी आधी? अरे, बागाईतदार मानूस समोर बसला आहे. लग्नाच्या पत्रिकेत धाकट्याचं नाव आधी टाकता काय तुमच्या धुळ्याकडी? केळीले आधी मान."

सुपडूभाऊ संकोचून म्हणाले, "जाऊ द्या आबा, काही होत नही."

"होत कसं नही? लिहा, देसले. आधी केळी."

मी लिहिलं. पाहुण्यासमोर चेअरमनला कुठं समजावत बसायचं? ते गेले की बदलू, असं मनात म्हटलं. आबा गेले, चहा आला, दुसरे सभासद आले आणि मी विसरलो. आमच्याकडे मोठ्याचं नाव आधी येतं. वाफेत मात्र शेवटी आलेला मोठा ठरत होता, आणि तो नियम मीच मागून घेतला होता.

बोंडं धरल्यावर कपाशीला युरिया दिला तर नुसता पाला माजतो. म्हणून ठरावीक दिवसांनंतर माझी मात्रा शून्य सांगायची. सुपडूभाऊंच्या केळीला ते दिवस उलटून गेले होते. केळीला त्याच वेळी खरी भूक असते. चिठ्ठी छापून आली, 'या खेपेला खत नाही'.

सुपडूभाऊंनी ती दोनदा वाचली. "साहेब, खत नही म्हनते हे?"

"जमीन कसदार आहे तुमची," मी म्हणालो. "यंत्र सगळं धरून सांगतं."

दर पंधरवड्याला तीच फाइल चालायची आणि तेच उत्तर यायचं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "पानं पिवळी पडू लागली साहेब." तेव्हा थंडी होती. थंडीचा चरका केळीला बसतो हे खरंच आहे, म्हणून मी तेच सांगितलं. एकदाही फाइल उघडून पाहिली नाही. आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

घड निसवले ते हातभरही नव्हते. फण्या तुटक, केळी बोटाएवढी. व्यापाऱ्यानं बागेच्या बांधावरूनच पाठ फिरवली. सुपडूभाऊ संघात आले ते ओरडायला नाही. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी तारेत ओवून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवल्या. "सर, माह्यं काही चुकलं काय ते पाहून द्या."

सरांनी पहिली चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा हात थांबला. मग त्यांनी फाइल उघडली. पहिली ओळ, दुसरी ओळ. मी त्यांच्या मागं उभा होतो. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

सभा झाली. सभागृह भरलेलं. आबा म्हणाले, "चूक कोनाची ते सांगा. आता बोला." मला वाटलं, आता माझं नाव येणार. सर उभे राहिले. सदरा नेहमीसारखा गळ्यापर्यंत बटणं लावलेला. "नियम माझा आहे," ते म्हणाले. "दोन मात्रा समोर आल्या तर वाफेनं थांबायला हवं होतं. मी तिला न थांबायला शिकवलं. चूक माझी." आणि ते खाली बसले. पुस्तकं त्यांच्याच सांगण्यावरून उलटी लागली हे आबांना उमगलं होतं की नाही, कोण जाणे. ते छताकडे पाहत होते. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

त्यानंतर सर सुपडूभाऊंच्या शेतावर गेले. मीही बरोबर होतो. बाग तोडून टाकायचं काम चाललं होतं. सर बांधावर हात जोडून उभे राहिले तसे सुपडूभाऊ धावत आले. "हे काय करता सर? कागदानं सांगितलं, मी आयकलं. छापेल कागद खोटं बोलीन, असं मनात आलंच नही माह्या." एवढंच बोलून ते पुन्हा कोयता घेऊन आत गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात सरांनी वाफेचा नियम पुन्हा पहिल्यासारखा केला. दोन नावं भिडली की थांबायचं आणि विचारायचं. सुपडूभाऊंच्या शेताची तीच फाइल त्यांना त्यावर चालवून पाहायची होती. नवा नियम आणि ती फाइल दोन फ्लॉप्यांवर उतरवून ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर खोलीला संघाचं कुलूप. यंत्रावर चादर पडली. पुढं ते कुणीतरी जळगावला नेलं. सर कॉलेजात गणित शिकवत राहिले. मी धुळ्याच्या एका कॉलेजात लागलो. वाफा जगात कुणीही बोलत नव्हतं. आम्ही दोघंच तिचे बोलणारे, आणि आम्हीही भेटलो की हवापाण्यावर बोलायचो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव साली, धुळ्यात. आमच्या कॉलेजच्या अडगळीत एक जुनं मशीन सापडलं होतं, मोठ्या फ्लॉपीच्या खाचेचं. मी सहज पत्रात लिहिलं आणि सर एसटीनं फैजपूरहून आले. निवृत्त झाले होते, खूप वाळले होते. पिशवीतून स्टीलचा डबा निघाला. त्यात कडुलिंबाचा पाला आणि जुन्या रुमालात गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या. एकीवर वाफा, दुसरीवर सुपडूभाऊंचं शेत.

"एकदा ती थांबलेली पाहायची आहे," ते म्हणाले. "बाकी काही नको. थांबली असती का, एवढं कळलं की झालं."

मशीन सुरू व्हायला वेळ लागत होता. मला राहवलं नाही. "सर, त्या दिवशी पुस्तकं उलटी मी लावली होती. आणि खत नको हेही मीच सांगितलं. सभेत मी—"

"माहीत आहे मला," सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "फाइलवर तारीख असते, वेळ असते. त्या वेळी मी परीक्षेच्या हॉलमध्ये होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला नोकरीची गरज होती." रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "आणि सुपडूची बाग तर परत येणार नव्हती."

दहा वर्षं मी जे उरावर बाळगत होतो ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला रडूही आलं नाही, नुसती लाज वाटली. मी फ्लॉपी खाचेत सरकवली. खाचेचा खटका लावायला त्यांनी मला बाजूला केलं.

ड्राइव्ह खरखरला. थांबला. पुन्हा खरखरला. जळगावचे दहा उन्हाळे त्या डब्यानं पत्र्याच्या घरात काढले होते. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की फ्लॉपी वाचता येत नाही. सोडून देऊ, पुन्हा पाहू, की तसंच पुढं जाऊ? एकेका उत्तराला एकेक अक्षर.

सरांनी आर दाबला. पुन्हा पाहा. तीच ओळ आली. त्यांनी फ्लॉपी काढली, रुमालानं अलगद पुसली, परत घातली. तीच ओळ. दुसरी फ्लॉपी घातली. तिचंही तेच. पहिली परत घातली.

"सर, उन्हानं गेल्या असतील," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले आणि आर दाबला.

पाच वाजता शिपाई किल्ल्या घेऊन आला. मी त्याला हातानंच थोडं थांब म्हटलं आणि सरांना प्यायला पाणी आणायला बाहेर गेलो. परत आलो तर दारातच पाय अडला. आत ड्राइव्ह खरखरत होता आणि थांबत होता. सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते पडद्याच्या अगदी जवळ झुकले होते, आणि ड्राइव्ह थांबला की एका बोटानं पुन्हा आर दाबत होते.